मुनिया सुटली, गवताचे काय?

पाऊस स्थिरावला की लाल मुनियाच्या नराचे रूप पालटते. उन्हाळ्यात मादीसारखाच मातकट तपकिरी दिसणारा हा पक्षी लालभडक होतो आणि त्याच्या छातीवर, कुशीवर, पंखांवर पांढरे ठिपके उमटतात. चोचीचे वेळापत्रक आणखी निराळे. मे महिन्यात ती लाल होऊ लागते, नोव्हेंबर-डिसेंबरात तिचा रंग गडद होतो आणि एप्रिल आला की ती झपाट्याने काळी पडते. मुनियांच्या कुळात सव्वाशेहून अधिक जाती आहेत, पण वीण संपल्यावर रंगीत पिसे उतरवून पुन्हा साधी पिसे धारण करणारी जात ही एकच. लांबी जेमतेम 10 सेंटिमीटर आणि वजन 10 ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवाला इतका खर्च परवडतो तो गवताच्या जोरावर. पावसाने गवत वाढते, त्याला बी धरते आणि खाद्य, आडोसा, घरट्याचे सामान असे सगळे एकाच वेळी हाताशी येते. घरटे म्हणजे गवताच्या पात्यांचा गोळा. त्याला बाजूने तोंड, आत मऊ काड्या आणि पिसे. तेही उंचावर नसते, गवताच्या गचपणात किंवा ठेंगण्या झुडपात असते. वाळवी मिळाली तर मुनिया तीही खाते, पण तिचे पोट भरते ते गवताच्या बियांवर. तिचे सारे वर्ष गवताच्या तालावर चालते.

आपल्या कायद्याने या पक्ष्याला पिंजऱ्यापासून वाचवायचे ठरवले आणि ते योग्यच झाले. पण ज्या गवतावर तो जगतो, त्या जमिनीची सरकारी दप्तरातली नोंद आजही ‘पडीक’ अशीच आहे. आणि पडीक जमीन दिसली की ती सुधारली पाहिजे, हे आपण सगळे न बोलता धरून चालतो. ही नोंद आणि तिच्यामागची समजूत बदलत नाही तोवर मुनियाचे संरक्षण अर्धेच राहणार आहे, असे माझे म्हणणे आहे. हा प्रश्न एका पक्ष्यापुरता नाही. मात्र हा पक्षी डोळ्यांसमोर ठेवला तर तो नेमका कळतो.

आधी पिंजऱ्याचा इतिहास पाहू, कारण तो मोठा आहे. लाल मुनिया ज्या वंशात मोडते त्याचे शास्त्रीय नाव ‘अमंडावा’ आणि ते अहमदाबादवरून पडले आहे. तिथून हे पक्षी परदेशी जात. शिवकाळात आपल्याकडे आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याने अहमदाबादहून येणाऱ्या, पांढरे-लाल ठिपके असलेल्या आणि पिंजऱ्यात पन्नास-पन्नास संख्येने ठेवल्या जाणाऱ्या या चिमण्या पक्ष्यांची नोंद केली आहे. म्हणजे हा व्यापार किमान साडेतीनशे वर्षांचा. या वंशात परंपरेने तीन जाती धरतात. लाल मुनिया भारतापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे. नारिंगी पोटाची एक जात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहते. तिसरी आपली हिरवी मुनिया. पाठीवर शेवाळी हिरवी, पोटाकडे पिवळी, कुशीवर काळे-पांढरे पट्टे आणि लाल चोच असलेली ही जात फक्त भारतात आढळते. तिन्हींच्या नशिबी पिंजरा आला, कारण रंग सुंदर, आकार लहान आणि मूठभर धान्यावर भागणारे पोट. भारताने 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा केला, 1990-91 च्या सुमारास देशी पक्षी पकडणे, विकणे आणि निर्यात करणे बंद केले आणि 1997 मध्ये हिरव्या मुनियाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आला. युरोपीय संघाने 2005 मध्ये रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात थांबवली. चोरटी विक्री त्यानंतरही उरली. अब्रार अहमद यांनी देशातल्या पक्षीबाजारांचा जो अभ्यास केला, त्यात साध्या मुनियांना रंग फासून भलत्याच नावाने विकण्याचे प्रकारही नोंदले गेले. तरीही पूर्वी उघडपणे, टोपल्या भरभरून चालणारा हा धंदा आता लपूनछपून करावा लागतो. हे यश लहान नाही.

मग हिरवी मुनिया सुरक्षित का झाली नाही? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती आजही ‘असुरक्षित’ गटात आहे. राजस्थानात अबूच्या परिसरात ती हमखास दिसते. मध्य भारतात आणि पूर्वेकडे तिची ठिकाणे तुरळक आणि एकमेकांपासून लांब. तिला उंच गवत, झुडपे आणि शेताच्या कडेची दाटी लागते. तिने उसात घरटी केल्याच्याही नोंदी आहेत, आणि गवत नाही म्हणून ती उसाकडे वळत असेल तर ते आपल्याला विचार करायला लावणारे आहे. ऊस तोडणीला येतो तेव्हा फडात कोणाचे घरटे आहे हे पाहायला कोणी थांबत नाही. याच्या उलट उदाहरण लाल मुनियाचे. पिंजऱ्यातून निसटलेल्या या पक्ष्यांनी स्पेनमध्ये ग्वादियाना नदीच्या खोऱ्यातल्या पाणथळ शेतीत आणि बोरूच्या बेटांत आपली वस्ती केली. फिजीत आणि हवाईतही ते रुजले. माणसाने त्याला धरून नेले होते, तरी जिथे ओले उंच गवत मिळाले तिथे हा पक्षी परक्या मुलखातही वाढला. पिंजऱ्याने पक्षी कमी होतात हे खरे. गवत गेले की मात्र ते परत यायला जागाच उरत नाही.

आता त्या ‘पडीक’ शब्दामागच्या हिशेबाकडे येऊ. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशातील सुमारे साडेपाच कोटी हेक्टर जमीन, म्हणजे जवळपास 17 टक्के भूभाग, पडीक म्हणून दाखवली आहे. त्यात खडकाळ उतार आहेत, खारवट जमिनी आहेत. आणि त्याच यादीत झुडपी माळ आणि चराऊ जमिनीही आहेत. इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेला सारा न देणारी जमीन निरुपयोगी वाटत होती आणि तोच चष्मा पुढे टिकला. 1985 मध्ये राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले. 1988 च्या वनधोरणाने एक तृतीयांश भूभाग वनाखाली किंवा झाडांखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. धरणासाठी किंवा खाणीसाठी जंगल तुटले की भरपाईची झाडे लावायला जागा हवी असते, आणि ती हमखास माळावर सापडते. महाराष्ट्रात 2016 मध्ये दोन कोटी, 2017 मध्ये चार कोटी, 2018 मध्ये तेरा कोटी आणि 2019 मध्ये तेहतीस कोटी झाडांचे संकल्प सोडले गेले. त्या उत्साहात शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत असंख्य लोकांनी मनापासून खड्डे खणले, आणि त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण खड्डे कुठे खणले जावेत, हे ठरवणाऱ्यांनी तिथे आधी काय उगवत होते याची नोंद ठेवली का? सलग समतल चर खोदताना जेसीबीचे दात कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांच्या मुळांतून जातात. त्यावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावले की कागदावर हिरवाई वाढते आणि गवताची एक जुनी वस्ती संपते. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराकडे स्वतःच जी आकडेवारी दिली, तिच्यानुसार 2005 ते 2015 या दहा वर्षांत देशातील गवताळ प्रदेश 1 कोटी 80 लाख हेक्टरांवरून 1 कोटी 23 लाख हेक्टरांवर आला. दहा वर्षांत जवळपास एक तृतीयांश. जंगलाचे एवढे नुकसान झाले असते तर विधिमंडळात आणि संसदेत दिवसच्या दिवस चर्चा झाली असती.

यावर सर्वांत जुना आक्षेप असा, की माळ म्हणजे उजाड झालेले जंगलच. माणसाने झाडे तोडली, गुरांनी कोवळे कोंब खाल्ले, म्हणून तिथे गवत उरले. तेव्हा झाडे लावणे म्हणजे मूळचे परत देणे. काही ठिकाणी हे खरे असेलही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तोडलेल्या रानाची जागा गवताने घेतली आहे आणि तिथे रान परत येऊ देणेच बरोबर. पण सगळ्या माळांना हे लागू करता येत नाही. शिवालिकच्या गाळाच्या थरांत दडलेल्या कार्बनच्या नोंदी सांगतात, की उष्ण प्रदेशातली गवते उपखंडाच्या त्या भागात सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच पसरली होती. त्या वेळी कुऱ्हाड घेऊन फिरणारा माणूस नव्हता. आपल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यापुरता पुरावा तर मराठीतच आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी साडेसातशे वर्षांपर्यंत मागे जाणाऱ्या मराठी कथा, गीते आणि आख्याने चाळून त्यांत पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्या रानवनस्पती येतात ते नोंदले, आणि 2025 मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. त्यांना 44 रानवनस्पती सापडल्या. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश मोकळ्या, गवताळ माळावर वाढणाऱ्या होत्या. संत कान्होपात्रेची आठवण म्हणून पंढरपूरच्या मंदिरात ज्या तरटीच्या झाडाला लोक हात जोडतात, ती तरटीही कोरड्या माळाचीच. म्हणजे पंढरपूर, जेजुरी, फलटण, बारामती या पट्ट्यातले माळ वारकऱ्यांच्या पायांखाली शतकानुशतके माळच होते. त्यांना हरवलेले जंगल म्हणणे आपल्या भूगोलावर आणि आपल्या स्मृतीवरही अन्याय करणारे आहे.

दुसरा आक्षेप पाण्याचा आणि हवामानाचा. झाडे लावली की पाणी मुरते आणि हवेतला कार्बन शोषला जातो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. कार्बन शोषला जातो हे खरे. पण गवताचा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठतो. वणवा लागला, कुऱ्हाड पडली तरी तो तिथे राहतो. उभ्या झाडातला मात्र आगीबरोबर निघून जातो. पाण्याची बाब तर अधिक गंभीर आहे. रॉबर्ट जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरातल्या नोंदी एकत्र करून दाखवले, की गवताळ, झुडपी किंवा शेतीच्या जमिनीवर झाडांची लागवड केल्यावर ओढ्यांचे वाहते पाणी सरासरी 52 टक्क्यांनी घटले आणि 13 टक्के ओढे किमान एक वर्ष पूर्ण आटले. जिथे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, अशा माणदेशात किंवा सोलापूरच्या माळावर दाट लागवड करण्याआधी हा आकडा ग्रामसभेसमोर ठेवला गेला पाहिजे. झाडे कुठेही लावू नयेत असे कोणी म्हणत नाही. बांधावर, गावठाणात, रस्त्याकडेला, तोडलेल्या जंगलाच्या जागी ती लावावीत. माळावरची बोर, हिवर आणि बाभूळ तर माळाचीच आहेत. ती विरळच असतात आणि तशीच शोभतात.

तिसरा आक्षेप पक्षीतज्ज्ञांकडूनही येऊ शकतो आणि तो प्रामाणिक आहे. लाल मुनिया आज धोक्यात नाही. आंतरराष्ट्रीय यादीत ती ‘चिंता नाही’ या गटात आहे, तिचे क्षेत्र मोठे आहे. शिवाय ती कोरड्या माळापेक्षा पाण्याजवळच्या गवतात, पाणकणसात, बोरूत जास्त रमते. पुण्याजवळ कवडी पाटला मुळा-मुठेच्या काठावर छायाचित्रकार तिच्यासाठी तासन् तास बसतात. मग माळाच्या भांडणात तिला कशाला ओढायचे? माझ्या मते तीच या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. नदीकाठचे गवतही आपल्याला घाण वाटते. तलाव ‘सुशोभित’ करायचा म्हणजे कडेचे लव्हाळे आणि पाणकणीस काढायचे, दगडी पिचिंग करायचे, फरशीची पायवाट करायची आणि लॉन लावायचे. त्या कापलेल्या लॉनला बी कधीच धरत नाही. माळावरच्या गवताला पडीक म्हणायचे आणि पाण्याकाठच्या गवताला कचरा, म्हणजे दोन्हीकडून बी खाणाऱ्या पक्ष्याचा घास काढून घ्यायचा. आणि आज संख्येने बरा असलेला पक्षी उद्याही बरा राहील, याची खात्री कोण देणार? देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स 2023’ या अहवालात ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल पाहता आला, त्यांपैकी 60 टक्के जाती घटत आहेत, आणि केवळ गवताळ प्रदेशावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांची घसरण सर्वांत तीव्र गटांत आहे. हिरवी मुनियाही केव्हातरी नेहमीचा पक्षी होती, म्हणून तर ती बाजारात येत होती.

सगळ्यांत वजनदार आक्षेप माणसांचा. गावाला जमीन लागते, गुरांना चारा लागतो. पक्ष्यासाठी कुंपणे घालून लोकांना बाहेर काढायचे का? इथे आपल्याला महाराष्ट्रातच घडलेली एक गोष्ट विसरता येणार नाही. माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये सोलापूर-नगर पट्ट्यात अभयारण्य जाहीर झाले, त्याचे क्षेत्र तब्बल 8,496 चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शहरे, ऊस, बागा असे सगळे आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग साठला आणि अखेर क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. याच अभयारण्यातल्या नान्नजचा माळढोक या साऱ्यातून वाचला नाही. आज तिथे तो दिसणे जवळपास संपले आहे. ज्या गवतात तो राहत होता ते ओळखून, त्या गवतावर जगणाऱ्या मेंढपाळांना सोबत घेऊन काम व्हायला हवे होते. सरसकट नकाशा रंगवल्याने राग मिळाला, गवत मिळाले नाही. धनगरांच्या मेंढ्या फिरत्या असतात, त्या एका जागी थांबत नाहीत आणि त्यांच्या लेंड्यांवर माळ पोसतो. चराई बंद करणे हा उपाय नाही, चराईची पाळी ठरवणे हा आहे. पक्षी पकडून पोट भरणारे बहेलिया, मीरशिकार हे समाजही याच चर्चेत हवेत. बंदीनंतर त्यांचा व्यवसाय गेला, पर्यायी रोजगाराचा विचार मात्र मागेच राहिला. कुठल्या गवतात कोणता पक्षी केव्हा उतरतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. गवताच्या राखणीत त्यांना पगारी काम मिळाले तर त्या ज्ञानाला मान मिळेल. पुणे वनविभागाने इंदापूर-बारामतीकडे, कडबनवाडीच्या परिसरात, गवताळ सफारी सुरू करून स्थानिकांना वाटाडे केले, ते पाऊल मला आशादायक वाटते. लांडगा आणि चिंकारा पाहायला माणसे पैसे देऊन माळावर जाऊ लागली, तर त्या माळाला निरुपयोगी म्हणणे अवघड होईल.

हे करायला नवे मोठे कायदे लागत नाहीत. गवताळ प्रदेश आणि वाळवंटांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या कृतिदलाने 2006 मध्येच अहवाल देऊन गवताळ प्रदेशांसाठी स्वतंत्र धोरण असावे असे सुचवले होते. 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. त्यांत गायरानेही येतात. वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक चराईचा हक्क दिला आहे. हे तिन्ही दुवे एकत्र जोडायचे बाकी आहेत. त्यासाठी पहिली गोष्ट, पडीक जमिनींच्या यादीतून नैसर्गिक माळ आणि कुरणे बाहेर काढून त्यांना स्वतःचा वर्ग द्यावा. भरपाईच्या वृक्षलागवडीसाठी त्यांचा वापर करता येणार नाही, असे नियमांत स्पष्ट लिहावे. ज्या कुरणांत गवत कापून विकले जाते तिथे दिवाळीच्या आसपास कापणी होते, आणि मुनियाची वीण पावसाळ्यात सुरू होऊन नंतरही चालते. तेव्हा कापणी बियाणे झडल्यावर करावी आणि दरवर्षी आलटूनपालटून काही पट्टे उभे ठेवावेत. शेतकऱ्याचा चारा त्याने फारसा घटत नाही आणि पुढच्या वर्षीचे गवत दाट उगवते. तलाव आणि नद्यांच्या सुशोभीकरणाच्या आराखड्यात काठालगतचा एक पट्टा लव्हाळे, बोरू आणि पाणकणसासाठी राखावा, त्याला यंत्र लावू नये. आणि दर मे महिन्यात तालुक्यातालुक्यांत वृक्षलागवडीच्या जागांची यादी तयार होते, तेव्हा प्रत्येक जागेसमोर आणखी एक रकाना असावा: ही जागा मुळात गवताची आहे का, आणि तिथे गेल्या पावसाळ्यात कोणते गवत, कोणते पक्षी, कोणाची गुरे होती. तो रकाना गावातल्या लोकांनी आणि तालुक्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून भरावा, आणि तो भरल्याशिवाय त्या जागेवर जेसीबी पाठवू नये.